सुटकेनंतरचा हिशेब



मागच्या अंकात या सदरात उधारीबद्दल लिहिलं होतं. देणं-घेणं लिहून ठेवावं, साक्षीदार असावेत, तोंडी व्यवहारावर नाती तोलू नयेत, एवढाच साधा मुद्दा होता. त्यावर शिरूरच्या एका भगिनीनं विचारलं, "आपा, ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यानं काय करायचं? वही तर पैसे देणाऱ्याच्याच हातात असते."

या प्रश्नानं मला आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट आठवली. ती आजवर मी लिहिली नाही, कारण तिच्यात परकं कुणी दोषी नाही. जे आहेत ते आमचेच.

माझं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. अब्बा रेल्वेत होते. अम्मीचं माहेर शिरूरचं. तिच्या नात्यातल्या एका भावाची घोड नदीच्या बाजूला वीटभट्टी होती. आम्ही त्यांना मामू म्हणत असू. दिवाळी झाली की मराठवाड्यातून मजूर येत. मुकादम त्यांना गावातच उचल देऊन आणी. नवरा, बायको आणि हाताशी आलेली पोरं मिळून माती कालवत, विटा थापत. हजार विटांमागे दर ठरलेला असे. आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळे, बाकीची मजुरी उचलीत वळती होई. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब व्हायचा, आणि बहुतेकांच्या नावावर उचल शिल्लकच निघायची. मग पुढच्या दिवाळीला तीच माणसं पुन्हा येत.

मी नववीत असताना एका जोडप्याची लहान मुलगी तापानं फणफणली. त्यांना गावी जायचं होतं. भट्टीवरून उत्तर मिळालं, आधी उचल फेडा. ते निघालेच, तर त्यांच्या मोठ्या मुलाला भट्टीवर ठेवून घेतलं. दहा-अकरा वर्षांचं पोर ते. ही बातमी अब्बांना त्यांच्या मित्रानं सांगितली. ते शिरूरला शाळेत शिक्षक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. दोघं मामूंकडे गेले. रात्रभर बोलणं झालं. अब्बांनी नात्याचा वास्ता दिला, अल्लाहची भीती घातली. सकाळी मामू नरमले. अंगठ्याची चिठ्ठी फाडली, "जा, माफ केलं," म्हणाले. मुलगा आईजवळ गेला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण एसटी स्टँडवरच अब्बा आणि गुरुजींचं बिनसलं.

गुरुजी म्हणाले, "भाई, हे असं घरच्या घरी मिटवू नका. आपण तहसीलदारांकडे अर्ज करू. वेठबिगारीचा कायदा आहे. सरकारी दाखला मिळाला तर पुढची मदत मिळेल."

अब्बा म्हणाले, "गुरुजी, माणूस सुटला. पोरगा आईला मिळाला. आता अर्ज करून नात्यात आग लावू का? आपलं काम संपलं."

"काम आत्ता कुठं सुरू झालंय," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ज्या घरात गुरुजींसाठी ईदचा शीरखुर्मा बाजूला काढून ठेवला जायचा, तिथं त्यांचं नाव निघालं की अब्बा उठून बाहेर जात. दोन चांगली माणसं, एकच चांगलं काम, आणि ते पार पडल्यावर अबोला. मला हे कोडं सुटत नव्हतं. पुढं मी शाळेत इतिहास शिकवू लागले तेव्हा कळलं की हे भांडण फार जुनं आहे.

वर्तमानपत्र बंद झालं, भांडण सुरू झालं

अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध सगळ्यात जिद्दीनं लढलेल्यांत विल्यम लॉईड गॅरिसन यांचं नाव येतं. १ जानेवारी १८३१ ला त्यांनी बोस्टनमधून 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केलं. जमावानं त्यांना रस्त्यातून ओढत नेलं, तरी पत्र बंद पडलं नाही. त्यांच्याच चळवळीतून फ्रेडरिक डग्लस हे नाव मोठं झालं. डग्लस स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले, पळून आलेले, चोरून अक्षरं शिकलेले.

१८६५ साली यादवी युद्ध संपत आलं आणि गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजुरीच्या वाटेवर होती. त्या मे महिन्यात न्यूयॉर्कला गुलामगिरीविरोधी संस्थेची वार्षिक सभा भरली. गॅरिसन म्हणाले, ज्यासाठी संस्था काढली ते काम झालं, आता ती विसर्जित करू. सुटलेल्या लोकांना मदत जरूर करू, पण ती इतर संस्थांसोबत. डग्लस यांनी विरोध केला. काळ्या माणसाच्या हातात मत नाही तोवर गुलामगिरी संपली असं म्हणताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ती वेगळं नाव घेऊन, वेगळ्या वेशात परत येईल. मतदान झालं. संस्था बंद करायच्या विरोधात ११८, बाजूनं ४८. गॅरिसन अध्यक्षपदावरून दूर झाले आणि त्यांची जागा त्यांचे जुने सहकारी वेंडेल फिलिप्स यांनी घेतली. डिसेंबरमध्ये घटनादुरुस्ती मंजूर झाली, आणि २९ डिसेंबरला गॅरिसन यांनी 'लिबरेटर'चा शेवटचा अंक काढला. पस्तीस वर्षांचं काम त्यांनी समाधानानं मिटलं. पण ज्यांच्यासोबत ते केलं, त्यांच्यातल्या अनेकांशी मन मोकळं राहिलं नव्हतं.

दुसरी फूट त्याहून कडू होती. काळ्या पुरुषांना मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती पुढं आली, तिच्यात स्त्रिया नव्हत्या. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी गुलामगिरीविरुद्ध आयुष्याची वर्षं घातली होती. आता स्त्रियांना मागं ठेवून हे नको, असं त्या म्हणू लागल्या. रागाच्या भरात स्टँटन काळ्या पुरुषांबद्दल असं काही बोलल्या की ते आजही वाचवत नाही. मे १८६९ च्या सभेत डग्लस यांनी उत्तर दिलं की दक्षिणेत काळ्या माणसाला घरातून ओढून दिव्याच्या खांबाला टांगतात, त्याच्यासाठी मत म्हणजे जीव वाचवणं आहे. त्या वर्षी स्त्रीमुक्तीच्या चळवळीच्या दोन संघटना झाल्या. त्या एक व्हायला १८९० उजाडलं.

या गोंगाटात फ्रान्सेस हार्पर नावाची एक काळी कवयित्री होती. १८६६ च्या एका सभेत तिनं स्वतःचं दुःख सांगितलं होतं. नवरा कर्जात गेला आणि वसुलीवाल्यांनी तिच्या घरातली दुधाची भांडी आणि कपडे धुण्याची टबंसुद्धा उचलून नेली. ती काळीही होती आणि बाईही होती. एक गट तिला म्हणत होता आधी काळे, दुसरा म्हणत होता आधी बाया. तिचे असे दोन तुकडे कसे होणार?

ज्यांना विचारलं, त्यांनी काय सांगितलं

हे सगळं वाचताना मला सारखं वाटायचं की सुटलेल्या माणसाला कुणी विचारलं का? एकदा विचारलं होतं.

१२ जानेवारी १८६५ ला सवाना शहरात जनरल शर्मन यांनी वीस काळ्या धर्मगुरूंना बोलावलं. त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझियर बोलले. वय ६७. त्यांनी आयुष्यातली बहुतेक वर्षं गुलामीत काढली होती आणि मग स्वतःचं व बायकोचं स्वातंत्र्य हजार डॉलर मोजून विकत घेतलं होतं. तुम्हाला काय हवंय, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सरळ होतं. जमीन द्या, आम्ही कसू, आमचं आम्ही भागवू आणि थोडं शिल्लकही टाकू. चारच दिवसांनी किनाऱ्याची पट्टी सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम निघाला. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर राहायला गेली. पण एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि बहुतेक जमीन परत गेली. मग ती माणसं त्याच मालकांच्या शेतात वाट्यानं राबू लागली. बी-बियाणं उधार, धान्य उधार, आणि हंगामाच्या शेवटी वहीत शिल्लक कर्ज. भट्टीवरचा हिशेब आठवतो ना?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायो राज्यात राहायला गेलेल्या जॉर्डन अँडरसन नावाच्या सुटलेल्या गुलामाला जुन्या मालकाचा निरोप आला, परत ये, चांगलं वागवीन. त्यानं लिहून घेतलेलं उत्तर वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात त्यानं शिव्या दिल्या नाहीत, हिशेब मांडला. मी ३२ वर्षं राबलो, महिना २५ डॉलर. बायको २० वर्षं राबली, आठवड्याला २ डॉलर. एकूण ११,६८० डॉलर झाले. ते आधी पाठवा, मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू.

गॅरिसन म्हणत होते काम संपलं, डग्लस म्हणत होते मत हवं, स्टँटन म्हणत होत्या स्त्रियांचं काय. प्रत्येकाच्या म्हणण्यात खरेपणा होता. पण जॉर्डन अँडरसनचा प्रश्न या तिन्हींपेक्षा वेगळा होता. तो सांगत होता की आम्ही तुमचं देणं लागत नाही, तुम्हीच आमचं देणं लागता.

त्याआधी इंग्लंडनं तर उलटाच हिशेब केला होता. १८३३ च्या कायद्यानं आपल्या वसाहतींतले गुलाम सोडवताना दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना काही नाही.

तिकडची साखळी, इकडची गाठ

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता शिरूरकडे वळू, कारण त्या युद्धाची झळ आपल्या गावांनाही लागली होती.

युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून, गुलामांच्या हातून येत होता. युद्धात तो थांबला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैसा खेळू लागला, तसा दख्खनच्या गावांत सावकारही सढळ हातानं कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून भीमथडी आणि आसपासच्या तालुक्यांत शेतसारा वाढला. कर्ज मिळेना, जुनं फिटेना. शेतकऱ्याला अक्षर येत नव्हतं, आणि रोख्यावर काय लिहिलंय ते सावकारच वाचून दाखवी.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि बाबासाहेब देशमुख यांचं घर दीडशे रुपयांत घेऊन पाडायला काढलं. गावानं ठरवलं की सावकारांची दाढी न्हाव्यानं करायची नाही, पाणी कुणी भरायचं नाही, त्यांच्या शेतावर कामाला जायचं नाही. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक उठले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं, आणि दौंडही त्याच भीमथडीत. तिथून उठाव शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्यात पसरला.

या लोकांनी काय मागितलं हे पाहण्यासारखं आहे. त्यांना हवे होते रोखे. अंगठा उमटवलेले, समजून न घेतलेले कागद. ज्या सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले त्याच्या वाट्याला सहसा कुणी गेलं नाही. ज्यानं दिले नाहीत त्याच्याकडचे हिसकावून रस्त्यात जाळले. घरं पेटली, मारहाण झाली हेही खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. पण त्या माणसांचा राग कशावर होता ते त्या राखेतून स्पष्ट दिसतं.

१८७९ मध्ये सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती. न्यायाधीशानं नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपासून हिशेब उघडायचा. किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती लागलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं.

मग पुण्याच्या सुधारकांत मतभेद सुरू झाले. न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक सभेची मंडळी म्हणत होती की मूळ दुखणं जड शेतसारा आणि स्वस्त कर्जाचा अभाव हे आहे, नुसता कायदा पुरणार नाही. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली. रानडे तिच्या बाजूनं होते, व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारनंही मान डोलावली, पण लंडनहून नकार आला. जोतीराव फुले यांना हे सगळं अपुरं वाटत होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. दहा वर्षांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते विचारत होते की कोर्ट-कचेरीतले कारकून, कुलकर्णी हेच जर नाडणारे, आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळाच नसेल, तर कायदा वाचणार कोण? या पुस्तकाचे भाग 'दीनबंधू' पत्रात यायला लागले. संपादक होते नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचेच सत्यशोधक साथी. दोन भाग छापून ते थांबले, पुढचं छापणं त्यांना जोखमीचं वाटलं. फुले त्यांच्यावर चिडले. पुढं हेच लोखंडे गिरणी कामगारांचे मोठे नेते झाले. म्हणजे घाबरट माणूस नव्हता तो. दोघांचा अंदाज वेगळा होता.

केडगावची गाडी

लहानपणी दौंडहून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागायचं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि १८८९ मध्ये तिथल्या लोकजीवनावर त्यांनी मराठीत मोठं पुस्तक लिहिलं. गुलामगिरी कशी संपली, तिथल्या स्त्रिया संस्था कशा चालवतात, हे मराठी वाचकाला त्यांनी सांगितलं. परत येऊन विधवांसाठी शारदा सदन काढलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. पण तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. हा वाद पोकळ नव्हता. मदत घेणाऱ्याच्या श्रद्धेवर मदतीचं ओझं पडतं का, हा प्रश्न आपणही आपल्या संस्थांना विचारायला हवा.

पण रमाबाईंची एक गोष्ट मला नेहमी पटत आली. दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथं जवळजवळ दोन हजार जणी होत्या. त्यांना नुसतं छप्पर दिलं नाही. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, ज्याच्या जोरावर पोट भरता येईल ते काम हातात दिलं. सुटका झाली तो दिवस रमाबाईंनी पहिला दिवस मानला.

आपल्या दीनमध्येही हीच शिकवण आहे. सूरह नूरमध्ये सांगितलं आहे की जो गुलाम लिहून घेऊन स्वातंत्र्य मागतो त्याला ते लिहून द्या, आणि वर अल्लाहनं तुम्हाला दिलेल्या मालातून त्यालाही द्या. जकातीच्या आठ वाट्यांत मान सोडवणं आणि कर्जदाराला मोकळं करणं असे दोन वाटे आहेत. हजरत सलमान फारसी (रजि.) यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यांच्या सुटकेची किंमत ठरली होती खजुराची तीनशे रोपं आणि चाळीस उकिया सोनं. सहाब्यांनी कुणी तीस, कुणी वीस, ज्याला जमेल तितकी रोपं आणली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या हातानं ती लावली. एकानं चिठ्ठी फाडून मोकळं व्हायचं, असं तिथं झालं नाही. सगळी वस्ती त्या हिशेबात उतरली. आणि हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं की एवढी शिकवण असूनही मुस्लिम राज्यांत गुलामांचे बाजार शतकानुशतकं भरत राहिले. शिकवण सवाब म्हणून ऐकली, हिशेब म्हणून फार थोड्यांनी ऐकली.

बाईंचं उत्तर

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते.

चार वर्षांनी मी अम्मीबरोबर शिरूरला गेले होते. नदीपलीकडच्या दुसऱ्या एका भट्टीवर ती बाई दिसली. मी तिला ओळखलं, तिनंही मला ओळखलं. मला वाईट वाटलं. पुन्हा उचल, पुन्हा भट्टी. मी विचारलं, "मावशी, त्या वेळी तर सगळं माफ झालं होतं ना?"

ती विटेवरचा हात न थांबवता म्हणाली, "माफ कशाचं गं पोरी? आमची उचल संक्रांतीलाच फिटली व्हती. रोजच्या विटा मी मोजत व्हते. उलट आमचेच पैसे राहिले व्हते. तुझ्या बाबानं आम्हाला सोडवलं, त्याचं भलं होवो. पर मला कुणी इचारलंच न्हाई."

घरी आल्यावर मी हे अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ते शिरूरला गेले, ते थेट गुरुजींच्या दारात. दोघांनी चार वर्षांत कोण बरोबर होतं हा विषय काढला नाही. गुरुजी एवढंच म्हणाले की मीसुद्धा त्या बाईला विचारलं नव्हतं, मला दाखला हवा होता. मग दोघं मामूंकडे गेले. मामू म्हणाले, जुनी वही सापडत नाही. बाईला तिची गिनती पाठ होती. शेवटी तिच्या गिनतीवर हिशेब धरला. मामूंनी अर्धे पैसे दिले, बाकीचे पुढच्या हंगामात देतो म्हणाले. ते द्यायचे राहिले. मामू आता हयात नाहीत. अल्लाह त्यांना माफ करो, पण हे देणं माफ करणं त्या बाईच्या हातात आहे, आमच्या नाही.

डग्लस आणि सुझन अँथनी यांचंही शेवटी असंच काहीसं झालं. २० फेब्रुवारी १८९५ ला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या परिषदेची सभा होती. म्हातारे डग्लस तिथं आले, त्यांना मानानं व्यासपीठावर नेऊन बसवलं, अँथनी तिथंच होत्या. त्याच संध्याकाळी घरी डग्लस वारले. अंत्यविधीला अँथनी हजर होत्या. भांडण खरं होतं, दोघांनी आपलं म्हणणं सोडलंही नव्हतं. तरी ते एकमेकांचे राहिले.

आपल्या घरापुरतं

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं कर्जापोटी राबवून घेणं बंद झालं आहे. असं कर्ज कायद्यानं संपतं, ते वसूल करणं गुन्हा आहे, आणि हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते, तिथून मुक्ततेचा दाखला मिळतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा मुलाला २ लाख आणि अतिशय वाईट प्रकारांत ३ लाख रुपये मदतीची तरतूद आहे, पण तातडीची थोडी रक्कम सोडली तर बाकीची मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. म्हणूनच आजही कार्यकर्त्यांत तोच वाद आहे. काही म्हणतात आधी दाखला. काही म्हणतात, प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, मजुरांची संघटना बांधा, दर वाढवून घ्या. दौंडच्या गुऱ्हाळांवर, ऊसतोडीच्या फडात, शिरूरच्या भट्ट्यांवर दोन्ही प्रकारची माणसं सापडतील. त्यांनी भांडावं, पण एकमेकांशी बोलणं बंद करू नये, आणि भांडताना मजुराला बाहेर उभं करू नये.

शिरूरच्या भगिनीला माझं उत्तर असं. ज्याला अक्षर येत नाही त्याची वही म्हणजे त्याची गिनती. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईनं लेकीच्या लग्नाला उचल घेतली असेल, दुकानातल्या पोरानं बापाच्या आजारपणात पैसे घेतले असतील, शेतावरच्या गड्याच्या नावावर काही लिहिलेलं असेल, तर या महिन्यात त्यांच्यासमोर बसून वही उघडा. आकडा मोठ्यानं वाचा आणि आधी त्यांना विचारा, तुझ्या हिशेबानं किती? दोन आकडे जुळले नाहीत तर त्यांचा आकडा खोटा, असं धरून चालू नका.

आणि फेड झालेली असेल तर "माफ केलं" म्हणू नका. "फिटलं" म्हणा. राहिलेले पैसे त्याच बैठकीत हातात द्या.